बद्द वाजलेला कटर

आमच्या कारखान्यात सगळे तिला धारकाकू म्हणायचे, तिच्याहून वयाने मोठे असलेले फोरमनसुद्धा. तिचं काम हत्यारांना धार लावायचं. बोथट झालेले ड्रिल आणि कटर तिच्या ग्राइंडरवर यायचे आणि तिच्या हातून परत कामाला जायचे. ठेंगणी, रुंद खांद्यांची, डाव्या हाताचं मधलं बोट पेरापासून नसलेली बाई. बोलणं कमी आणि जे होतं ते खरखरीत. मी मोजमापाच्या खोलीत होतो. तिने लावलेली प्रत्येक धार माझ्या भिंगाखालून जायची, त्यामुळे सोळा वर्षं रोज तिचं तोंड पाहिलं आणि टोमणेही खाल्ले. एकदा मी तिच्या कामात चूक काढली तर म्हणाली, "आधी भिंग पूस, मग चष्मा पूस, आणि तरी दिसली तर माझ्याकडे ये." भिंगच पुसायचं राहिलं होतं.

तिचा बापही धार लावायचा. ती एकोणीस वर्षांची असताना, त्याच्या लहानशा वर्कशॉपमध्ये त्याच्या शेजारी उभी असताना ग्राइंडरचं चाक फुटलं. असं चाक बसवण्याआधी त्याला लाकडी मुठीने टिचकी मारून आवाज ऐकायचा असतो. चांगलं चाक खणखणीत वाजतं, तडा गेलेलं बद्द वाजतं. त्या दिवशी बाप घाईत होता. चाकाचा एक तुकडा त्याच्या छातीत घुसला, दुसरा तिचं बोट घेऊन मागच्या भिंतीत रुतला. बाप तिच्या पायांवर कोसळला आणि कोणी धावून येईपर्यंत तिथेच संपला. हे तिने मला एकदाच सांगितलं, डबा खाता खाता, भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं त्या सुरात. पण तेव्हापासून तिला जी सवय लागली ती सुटली नाही. चाक असो, कटर असो, कँटीनची कपबशी असो, हातात आलं की ती टिचकी मारायची आणि कान द्यायची.

तिचा नवरा लवकर आजारात गेला. मागे राहिला धाकटा दीर. ती लग्न होऊन घरात आली तेव्हा तो सोळाचा होता. मशीनवर उभं राहायला तिनेच त्याला शिकवलं आणि आमच्याकडे चिकटवलंही तिनेच. मिलिंगच्या, म्हणजे फिरत्या कटरने धातू कापायच्या कामात त्याच्या हाताला जोड नव्हती, पण डोकं म्हणजे दारूचं कोठार. त्याचं नावच सुरुंग पडलं होतं. एकदा कँटीनमध्ये एकाने रांग मोडली म्हणून सुरुंगने त्याचं डोकं धरून टेबलावर असं आपटलं की त्याचे दोन दात टेबलावर राहिले. धारकाकू ग्राइंडर बंद करून आली, दिराच्या कानाला धरून त्याला त्या माणसापुढे उभं केलं आणि म्हणाली, "माफी माग. नाहीतर आज घरी येऊ नकोस." सव्वीस वर्षांचा तो आडदांड गडी मान खाली घालून माफी मागून मोकळा झाला. तिच्याखेरीज दुसऱ्या कोणाचं त्याने कधी ऐकल्याचं मला आठवत नाही. दोघं एकाच घरात राहायची. ती खाली, तो आणि त्याची बायको वर.

मग कारखान्यात ते नवं मशीन आलं. पोलादाची पिठासारखी बारीक भुकटी एका तक्त्यावर पसरायची, लेझरने हवी तिथे वितळवायची, त्यावर पुन्हा भुकटी, पुन्हा लेझर, असे हजारो थर चढवत अख्खा कटर उभा करायचा. घडवायचा नाही, ओतायचा नाही, छापायचा. म्हणून त्या खोलीला आम्ही छापखाना म्हणू लागलो आणि ती सांभाळणाऱ्या तरुण इंजिनिअरला छापखानेवाला. शांत, सडपातळ, सदान् कदा हातरुमालाने बोटं पुसणारा माणूस. छापलेल्या कटरचा फायदा असा, की त्याच्या पोटातून वळणं घेत जाणाऱ्या नळ्या काढता येतात आणि गार पाणी थेट दाताच्या मुळाशी पोचतं. मोठ्या साहेबांना याचं भारी कौतुक. पाहुणे आले की आधी छापखाना दाखवायचे.

पण ते कटर टिकत नव्हते. आम्ही पंपांची ॲल्युमिनियमची घरं, म्हणजे बाहेरची कवचं, कापायचो. ॲल्युमिनियम ऐकायला मऊ वाटतं, पण आमच्या मालात सिलिकॉनचे कडक कण असायचे, लोण्यात वाळू मिसळावी तसे. नेहमीचा कटर दोनशे घरं कापून बोथट व्हायचा. छापलेला साठीतच मान टाकायचा. त्याच्या दातांची धार अशी खरवडून निघायची की भिंगाखाली पाहताना मला कुरतडलेली नखं आठवायची. बोथट दात कापत नाही, घासतो. घासला की तापतो, आणि मशीनचा जोर वाढत जातो.

"याला पाणी नीट चढलेलं नाही," काकू छापखानेवाल्याला म्हणाली होती. पाणी म्हणजे पोलाद तापवून एकदम गार करून आणलेला कडकपणा. "वरून कडक, आतून मऊ. माझं चाक सांगतंय मला."

"साहेबांना पुढच्या महिन्यात सगळी मशीनं यावरच चालवायची आहेत," तो बोटं पुसत म्हणाला. "पुढच्या खेपेला सुधारू."

काकूने दोन-तीनदा सांगून पाहिलं. साहेब एकदा सगळ्यांदेखत तिला म्हणाले, "काकू, तुम्हाला नवं काहीच पचत नाही." लोक हसले. त्यानंतर ती गप्प झाली.

छापलेल्यांपैकी सातवा कटर एका मंगळवारी दुपारी तिच्याकडे आला. मी समोरच होतो. तिने धार लावली, पुसला, बोटावर अडकवला आणि टिचकी मारली. मग पुन्हा एकदा मारली. क्षणभर थांबली, माझ्याकडे न बघता त्याला 'चालेल'ची हिरवी चिठ्ठी बांधली आणि गाडीवर ठेवला. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास तो कटर सुरुंगच्या मशीनवर फिरत होता. अठ्ठावन्नावं घर चाललं होतं. मशीन किंचाळायला लागलं, म्हणून तो आत काय चाललंय ते बघायला तावदानापाशी वाकला. मशीनच्या दाराला जाड पारदर्शक प्लास्टिकचं तावदान असतं, असा तुकडा अडावा म्हणूनच बसवलेलं. आमची बहुतेक तावदानं कित्येक वर्षांची होती. तेलपाण्याने पिवळी पडलेली, आतून सुकून ठिसूळ झालेली. कटर फुटला तेव्हा बंदुकीचा बार झाल्यासारखा आवाज झाला. एक दात, बुडाच्या पेराएवढ्या तुकड्यासकट, तावदान फोडून बाहेर आला आणि सुरुंगच्या डाव्या डोळ्यात घुसून गाल उघडा करून गेला.

तो पडला नाही. मला आजही तेच आठवतं, की तो पडला नाही. त्याने मशीनवरचं फडकं उचलून तोंडावर दाबलं. फडकं एका क्षणात लाल झालं आणि कोपरावरून रक्ताची धार लागली. दुसऱ्या हाताने त्याने बाकावरचा मोठा पाना उचलला आणि छापखान्याकडे चालू लागला. कोणी मध्ये पडलं नाही. मीही नाही.

छापखानेवाला आवाज ऐकून दारात आला होता. पान्याचा पहिला घाव त्याच्या जबड्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मी वीस पावलांवरून ऐकला. तो भिंतीला टेकून खाली घसरला, तसा दुसरा घाव खांद्यावर, तिसरा बरगड्यांवर. सुरुंग तोंडाने काही बोलत नव्हता. उघड्या गालातून नुसता श्वास फुसफुसत होता आणि प्रत्येक घावाबरोबर रक्ताचे शिंतोडे पांढऱ्या भिंतीवर उडत होते. छापखानेवाल्याने हात डोक्यावर घेतले होते आणि त्याची बोटं मोडत होती.

काकू धावत आली. येता येता तिने रॅकमधून हातभर लांब पोलादी गज उचलला होता.

"बस कर," ती म्हणाली.

त्याने पाना पुन्हा उचलला, या वेळी सरळ डोक्यावर घालायला.

"बस कर म्हणते ना."

तो थांबला नाही. तिने गज दोन्ही हातांनी धरला आणि त्याच्या उजव्या मनगटावर हाणला. पाना खणकन फरशीवर पडला. मनगट भलत्याच बाजूला वळलं. त्याने वळून उरलेल्या एका डोळ्याने तिच्याकडे पाहिलं, "वहिनी, तू?" एवढंच म्हणाला, आणि मग कुठे गुडघ्यांवर बसला.

रुग्णवाहिका एकच आली. दोघांनाही तिच्यातच घातलं, एक या बाकावर, दुसरा त्या. मध्ये काकू बसली. वाटेत सुरुंगने एकदा उठायचा प्रयत्न केला, तर तिने त्याच्या छातीवर तळवा ठेवून त्याला दाबून धरलं. दुसरा हात तिने छापखानेवाल्याच्या डोक्याखाली दिला होता, कारण तो स्वतःच्या रक्ताने गुदमरत होता. दवाखान्यात पोचेपर्यंत तिच्या कपड्यांवर दोघांचंही रक्त होतं आणि कोणाचं कोणतं ते सांगता येत नव्हतं.

डोळा गेला. त्या संध्याकाळीच काढावा लागला. मनगटात दोन पट्ट्या बसवल्या. छापखानेवाल्याचा जबडा तारेने बांधला, तीन बरगड्या आणि चार बोटं मोडली होती. पोलीस आले. छापखानेवाल्याला बोलता येत नव्हतं. त्याने डाव्या हाताने वेडंवाकडं लिहून दिलं, की कटरच्या तपासणीत त्याला बारीक रेघा दिसल्या होत्या आणि तरीही त्याने तो पुढे पाठवला होता. तक्रार करायची नाही, असंही लिहिलं. पोलिसांनी कागद दोनदा वाचला आणि सुरुंगला ताकीद देऊन प्रकरण मिटवलं.

घरात मात्र काही मिटलं नाही. जावेने काकूची जिन्यात ठेवलेली भांडी एकेक करून खाली भिरकावली. एक पातेलं काकूच्या पाठीत बसलं.

"डोळा गेलेल्या माणसाचा हात मोडलात तुम्ही, ताई," जाऊ वरून म्हणाली. "जो मारायला हवा होता त्याला वाचवलंत."

"खून झाला असता," काकू म्हणाली.

"झाला असता तर झाला असता."

काकूने भांडी गोळा केली आणि आत गेली. हे मला तिच्याकडूनच नंतर कळलं. मी दोनदा तिच्या घरी गेलो होतो, पण तेव्हा तिने मला दारातूनच वाटेला लावलं.

एकवीस दिवस गेले. सुरुंग घरी आला होता. गालावर टाके, डोळ्यावर पट्टी, हात प्लास्टरमध्ये. एका सकाळी काकू जिना चढून वर गेली, त्याच्यासमोर बसली आणि म्हणाली, "तो कटर बद्द वाजला होता."

त्याला कळलं नाही. "कोणता?"

"सातवा. तुझ्या मशीनवर फुटला तो. मी टिचकी मारली होती. एकदा नाही, दोनदा. बद्द वाजला. मला कळलं होतं आणि मी हिरवी चिठ्ठी बांधली."

"का?"

"साहेब सगळ्यांपुढे बोलले होते, ते मनात होतं. म्हटलं, पुन्हा सांगितलं तर पुन्हा हसतील. म्हटलं, एखाद वेळी माझेच कान चुकत असतील. खरं म्हणजे म्हटलं, मरू दे."

सुरुंग उठला. प्लास्टरचा हात त्याने वरून खाली तिच्या डोक्यावर घातला. ती खुर्चीसकट कोलमडली. त्याने तिला दंडाला धरून उठवलं आणि कपाटावर फेकलं. कपाटाची काच फुटून तिच्या कानामागे घुसली. त्याने पुन्हा हात उचलला. आता मात्र जाऊच त्याच्या कंबरेला मिठी मारून लोंबकळली आणि त्याला मागे ओढू लागली. प्लास्टरला तडा गेला होता आणि दुखण्याने तो पांढरा पडला होता.

काकू भिंतीला धरून उभी राहिली. मानेवरून रक्त वाहत होतं. "हा एवढा घेतला," ती म्हणाली. "पण परत हात उचललास तर दुसरं मनगटही मोडीन. मला ते येतं हे तुला माहीत आहे."

मग ती एकटीच दवाखान्यात गेली. नऊ टाके पडले. काय झालं असं डॉक्टरने विचारलं तेव्हा तिने खरं ते सांगितलं, आणि तक्रार करायची का असं विचारलं तेव्हा नाही म्हणाली. पण तिथून घरी गेली नाही. डोक्याला पट्टी बांधलेली ती तशीच कारखान्यात आली.

दुपारच्या जेवणाची सुट्टी होती. मशीनं बंद होती. तिने लोहारकामाच्या कोपऱ्यातून मोठा घण उचलला आणि पहिल्या मशीनपाशी गेली. मला वाटलं डोक्याला लागल्याने तिला भ्रमबिम झाला असेल. तिने घण मागे नेला आणि दाराच्या तावदानावर घातला. तावदान कडाडून फुटलं. ती दुसऱ्या मशीनकडे गेली. दुसरं फुटलं. लोक डबे टाकून धावले. कोणीतरी तिला धरायला गेलं तर ती वळून म्हणाली, "लांब हो, लागेल." पिवळ्या प्लास्टिकचे चाकूसारखे तुकडे फरशीवर पडत होते, तिच्या पायांत रुतत होते. तिसरं, चौथं, पाचवं. साहेब माडीवरून धावत आले, तोवर ती नवव्यापाशी पोचली होती.

"थांबवा तिला," साहेब ओरडले.

कोणी हललं नाही. तिने नववं फोडलं. दहावं मशीन त्या वर्षीच आलेलं होतं. तिथे तिने घण घातला तेव्हा तो नुसता उसळला आणि तिच्या हातातून सुटता सुटता राहिला. तिने पुन्हा जीव खाऊन घातला. पुन्हा उसळला. तावदानाला ओरखडा पडला, बाकी काही नाही. अकरावंही नवं होतं. त्याचंही तेच झालं.

ती घणाच्या दांड्यावर टेकून उभी राहिली. धापा टाकत होती. पट्टीतून रक्त झिरपत होतं.

"बघितलंत?" ती साहेबांना म्हणाली. "जी फुटली ती फुटायचीच होती. माझ्या हाताने फुटली तेव्हा मागे कोणी वाकलेलं नव्हतं, एवढाच फरक. आता नवी बसवल्याशिवाय ही नऊ मशीनं चालायची नाहीत. आणि छापलेला एकही कटर माझ्या हातून जायचा नाही."

साहेबांनी तिला त्याच क्षणी घरी पाठवलं. म्हणाले, उद्यापासून येऊ नका. दुसऱ्या दिवशी पाळीची वेळ झाली तेव्हा सगळे कामगार फाटकाबाहेर उभे राहिले. तो बेत कोणाचा होता मला आजही ठाऊक नाही, पण या वेळी मीही उभा राहिलो. अकराव्या दिवशी नवी तावदानं आली आणि बाराव्या दिवशी काकू.

छापखानेवालाही त्याच सुमारास कामावर रुजू झाला. जबडा अजून तारेत, दोन बोटं वाकडीच जुळलेली. तो पाटीवर लिहून बोलायचा. पहिल्याच दिवशी तो काकूच्या ग्राइंडरपाशी आला आणि पाटी पुढे धरली. "मी रेघा पाहिल्या होत्या."

"मी आवाज ऐकला होता," काकू म्हणाली. "चल, कामाला लागू."

त्यांनी सुरुवात मारण्यापासून केली. छापलेले एकतीस कटर कपाटात होते. काकूने एकेक कटर प्रेसखाली ठेवला आणि चिरडला. दाब वाढत जायचा, पोलाद कण्हायचं आणि धडामदिशी फुटायचं. जाड पत्र्याच्या पेटीत तुकडे थडाथड आपटायचे. छापखानेवाला प्रत्येक बाराला डोळे मिटून भिंत धरायचा. दोन दिवस हे चाललं. मोडलेल्या तोंडांवर आम्ही भिंग फिरवलं तेव्हा सगळं उघडं पडलं. थराथरांमध्ये काळी भोकं होती. काही भोकांत न वितळलेले भुकटीचे गोल दाणे जसेच्या तसे बसले होते. आणि बारीक तडे होते, कारण लेझरखाली वितळलेलं पोलाद गार तक्त्यावर क्षणात थिजायचं आणि आतल्या आत ताणलं जायचं.

"भोकं आणि तडे फुटण्याचं कारण," छापखानेवाल्याने पाटीवर लिहिलं. "झिजण्याचं वेगळं. पोलादाचा चौथा हिस्सा मऊ जातीतच अडकून राहतो. नेहमीचं पाणी त्याला पुरत नाही."

"मग जास्तीचं पाणी दे."

त्याने लिहिलं, "गरम नाही. थंड."

पुढचे पाच महिने त्या दोघांनी जे केलं ते मी रोज मोजत होतो. आधी त्याने छापतानाच तक्ता तापलेला ठेवायला सुरुवात केली. तडे गेले. मग छापलेले कटर बाहेरच्या एका भट्टीवाल्याकडे जायचे. तिथे त्यांना प्रचंड उष्णतेत चारी बाजूंनी वायूच्या दाबाखाली आवळून आतली भोकं बुजवत. मग पोलादाला पाणी द्यायचं, आणि लगेच द्रव नायट्रोजनच्या पिंपात बुडवायचं. पिंपातून पांढरा धूर फरशीवर सांडायचा आणि कटर आत पडताना तापल्या तव्यावर पाणी पडल्यासारखा चरचरायचा, तापला म्हणून नव्हे, गोठला म्हणून. एकदा काकूचा हातमोजा पिंपात बुडाला. बाहेर काढून तिने तो बाकावर आपटला तर त्याचा काचेसारखा चुरा झाला. त्या थंडीत अडकलेलं मऊ पोलाद कडक व्हायचं. नंतर तीनदा हलकं तापवून त्याचा ठिसूळपणा काढायचा. सगळ्यात शेवटी, धार लावून झाल्यावर, हिऱ्याच्या जातीचा काळा लेप, तोही त्या भट्टीवाल्याकडूनच.

पहिले लेप दिलेले कटर सव्वाशे घरांवर गेले आणि तिथे अडकले. लेप धारेवरून सालपटासारखा उडत होता. छापखानेवाला भट्टीवाल्याला दोष देऊ लागला. काकूने एक कटर भिंगाखाली धरला आणि म्हणाली, "लेप बरोबर आहे. माझी धार चुकते."

"धार उत्तम आहे," मी म्हणालो.

"फार उत्तम आहे. इतक्या बारीक टोकावर लेप बसणार कुठे? उभं राहायलाच जागा नाही."

तिने बारीक दगड घेतला आणि प्रत्येक दाताच्या टोकावरून हलकेच फिरवला, इतका हलका की बोथट होऊ नये आणि टोकाला केसाहून कितीतरी लहान अशी गोलाई यावी. त्यावर लेप चढवला. तो टिकला. पुढे ते काम यंत्राने होऊ लागलं, पण किती गोलाई ठेवायची ते माप तिच्याच हातचं. मी मोजून लिहून घेतलं होतं.

शेवटच्या चाचणीला सुरुंग आला. तो कामावर परतला होता, पण एका डोळ्याने अंतराचा अंदाज येत नाही म्हणून त्याला मशीनवर ठेवत नव्हते, भांडारात बसवलं होतं. त्या दिवशी तो सरळ त्याच्या जुन्या मशीनपाशी येऊन उभा राहिला आणि फोरमनला म्हणाला, "मी चालवतो." फोरमनने काकूकडे पाहिलं. तिने मान हलवली. छापखानेवाला भांडाराच्या दारापर्यंत मागे सरकला.

काकूने कटर बोटावर अडकवून टिचकी मारली. खणखणीत वाजला. मग तो तिने दिराच्या हातात दिला. त्याने स्वतःही टिचकी मारली आणि मगच मशीनला लावला.

दोनशे घरं झाली. अडीचशे झाली. सलग तीन दिवस सुरुंग तिथून हलला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी तीनशे बेचाळिसावं घर कापल्यावर मी दात मोजले. झीज होती, पण सगळ्या दातांवर सारखी, जोत्याच्या झिजलेल्या पायरीसारखी. कुठे कुरतडलेलं नव्हतं. साहेब टाळ्या वाजवू लागले.

"अजून संपलं नाही," सुरुंग म्हणाला. "फुटेपर्यंत चालवायचा."

साहेब नको म्हणत होते. त्याने ऐकलं नाही. आम्हाला सगळ्यांना मागे हटवून त्याने मशीनमध्ये ॲल्युमिनियमऐवजी कडक पोलादाचा ठोकळा लावला आणि कटर पूर्ण वेगाने त्यात घातला. मशीन थरथरलं, ठिणग्यांनी तावदान पांढरं झालं, आणि चौथ्या सेकंदाला तो बार झाला. तोच आवाज. छापखानेवाला खाली बसला होता, दोन्ही हात डोक्यावर. तुकडा तावदानावर आदळून आतच पडला. तावदानाला चंद्रासारखी एक खूण उठली. सुरुंग वीतभर अंतरावर उभा होता, गमवायला उरलेला आपला एकच डोळा तावदानावर रोखून. तो तसूभरही हलला नाही. मग त्याने मशीन बंद केलं, तुकडे गोळा केले आणि मोडलेलं तोंड मला दाखवलं. राखाडी, दाट, एकही काळं भोक नाही.

त्यानंतर वर्षभरात सगळी मशीनं छापलेल्या कटरवर गेली. छापखानेवाल्याचा जबडा थोडा डावीकडे सरकलेलाच राहिला. तो पुढे दुसरीकडे चांगल्या जागी गेला. जाताना सगळ्यांशी हात मिळवले, सुरुंगशी नाही. दोघांनीही तसा प्रयत्न केला नाही. सुरुंग आणि त्याची बायको घर सोडून चार रस्ते पलीकडे राहायला गेली. जाऊ काकूशी पुन्हा कधी बोलली नाही.

सुरुंग मात्र अधूनमधून यायचा, रविवारी सकाळी. मी एकदा तिथे होतो म्हणून हे सांगू शकतो. काकूने चहा ठेवला होता. तो कपाकडे बघत म्हणाला, "तू सांगितलं नसतंस तर मला कधीच कळलं नसतं."

"नसतं कळलं."

"मग सांगितलंस कशाला?"

"झोप लागत नव्हती."

"आता लागते?"

काकूने विचार केला. "लागते," ती म्हणाली.

"मला नाही लागत," तो म्हणाला. "डोळ्यामुळे नाही. तुला मारलं म्हणून. आणि छापखानेवाल्याला मारलं म्हणून नाही लागत असं म्हणायला जातो, तर ते खरं होत नाही."

काकूने त्याच्या कपात आणखी चहा ओतला आणि खुर्ची ओढून त्याच्या उजव्या बाजूला बसली, त्याला दिसेल अशी.